बेंजोच्या पेटीतला स्पीकर

उसाचा गळीत हंगाम संपतो, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या तोडणीच्या टोळ्या बीड जिल्ह्यात परततात आणि अडून राहिलेली लग्नं चैत्र-वैशाखात उरकली जातात. केज, धारूर, वडवणीपासून पाटोदा, आष्टीपर्यंत बेंजो पार्ट्यांना या दिवसांत उसंत नसते. वर्षातला बराच काळ खोलीत झाकून ठेवलेली पेटी आता रोज काही तास पूर्ण जोराने वाजते, आणि स्पीकर जातात ते याच दिवसांत. कुणाची कॉइल जळते, कुणाचा कागद काठाला फाटतो. दुसऱ्या दिवशीची सुपारी घेतलेली असते, म्हणून जुना स्पीकर पिशवीत घालून माणूस तालुक्याच्या दुकानात जातो. तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॉटचा देऊ? आणि आधीचा जळालेलाच असल्यामुळे उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: त्याच्यापेक्षा मोठा द्या. या प्रकरणाचं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. बेंजो असो की इलेक्ट्रिक गिटार, तारवाद्याच्या पेटीत बदली स्पीकर निवडताना वॉटचा आकडा सगळ्यात कमी सांगतो. तोच पहिला धरला तर पैसे जास्त जातात, आवाज कमी मिळतो, वाद्याचा सूर बदलतो आणि पुष्कळदा नवा स्पीकरही पुढच्या सराईत जळतो.

आधी वाद्याकडे पाहू. आपल्याकडे बेंजो म्हणतात ते वाद्य म्हणजे पट्ट्यांचं बुलबुलतरंग. अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या बँजोशी त्याचा संबंध नाही. त्याचं मूळ जपानी तैशोगोतो या वाद्यात आहे, जे नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ च्या सुमारास तयार केलं. लाकडी पेटीवर पोलादी तारा ताणलेल्या, त्यांच्यावर टंकलेखन यंत्रासारख्या पट्ट्या. डाव्या हाताने पट्टी दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. मिरवणुकीत या वाद्याचा मूळ आवाज दहा पावलांवरही पोचणार नाही, म्हणून त्याला पिकअप बसवला जातो, तिथून तार ॲम्प्लिफायरला आणि ॲम्प्लिफायरची तार पेटीतल्या स्पीकरला. म्हणजे मांडणी इलेक्ट्रिक गिटारचीच झाली. अशा मांडणीत ऐकू येणारा सूर अर्धा तारेवर तयार होतो आणि अर्धा स्पीकरच्या कागदावर. घरातल्या संगीत यंत्राच्या स्पीकरने आलेला आवाज जसाच्या तसा पोचवावा अशी अपेक्षा असते. तारवाद्याच्या पेटीतला स्पीकर आवाज घडवतो. तो काही पट्टे उचलून धरतो, काही गाळून टाकतो, आणि ते गाळणंसुद्धा संगीताच्या कामाचं असतं.

गिटारच्या स्पीकरवर साठ-सत्तर वर्षं विचार झाला आहे, त्याचे आकडे छापील मिळतात, आणि बेंजोसाठी ते बरेचसे लागू पडतात. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झचा मूळ स्वर देते आणि बारीक तारेचा शेवटचा पडदा साधारण १,१७५ हर्ट्झपर्यंत जातो. त्याच्या वर असतात ते उपस्वर. नामांकित १२ इंची गिटार स्पीकर साधारण ७० ते ५,००० हर्ट्झ एवढाच पट्टा वाजवतात. त्यातही २,००० ते ४,००० च्या दरम्यान ते मुद्दाम थोडे चढे असतात आणि ५,००० च्या पुढे एकदम उतरतात. माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झमध्येच सर्वांत तिखट असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये समान मोठेपणाच्या ज्या वक्ररेषा प्रसिद्ध केल्या, त्यांत हे स्पष्ट दिसतं. ताशा, हलगी, माणसांचा गलका या सगळ्यातून तारेचा सूर वेगळा ऐकू येतो तो या पट्ट्यामुळे. बेंजोला गिटारइतकेही खालचे स्वर नसतात. त्याची गत वाजवण्यासाठी ४० हर्ट्झचा घुमारा कुठेच लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, संवेदनशीलतेचा. स्पीकरला १ वॉट वीज दिली आणि १ मीटर अंतरावर आवाज मोजला तर किती डेसिबल भरतो, हा तो आकडा. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात तो असतोच, फक्त तो विचारण्याची पद्धत नाही. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक हा प्रसिद्ध गिटार स्पीकर २५ वॉटचा आहे आणि त्याची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे. त्याच कंपनीचा, १९८६ मध्ये आलेला व्हिंटेज ३० हा ६० वॉटचा आणि १०० डेसिबलचा. उलट मोटारीत बसवायच्या १२ इंची सबवूफरवर कितीही मोठा वॉटचा आकडा छापलेला असो, त्याची संवेदनशीलता बहुधा नव्वदच्या आतच असते. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही, म्हणून हा फरक किरकोळ वाटतो. ३ डेसिबल वाढवायचे तर वीज दुप्पट लागते आणि १० डेसिबलना दहापट. म्हणजे १०० डेसिबलचा स्पीकर १० वॉटवर जेवढा वाजेल, तेवढं वाजायला ९० डेसिबलच्या स्पीकरला १०० वॉट लागतील.

दोन स्पीकर शेजारी ठेवून हिशेब करू. पहिला ५०० वॉट पेलणारा, ९४ डेसिबलचा. दुसरा १०० वॉट पेलणारा, १०० डेसिबलचा. पहिल्याला पूर्ण ५०० वॉट दिले तर ९४ मध्ये २७ मिळून १२१ डेसिबल. दुसऱ्याला पूर्ण १०० वॉट दिले तर १०० मध्ये २० मिळून १२० डेसिबल. फरक एका डेसिबलचा, जो कानाला जेमतेम कळतो. पण पहिल्यासाठी पाचपट मोठा ॲम्प्लिफायर हवा आणि जनरेटरवर पाचपट बोजा पडणार. आणि पार्टीकडे १०० वॉटचंच मशीन असेल तर? मग ‘मोठा’ स्पीकर ११४ डेसिबलवर थांबतो आणि ‘छोटा’ १२० पर्यंत जातो. ज्याने मोठा वॉट पाहून स्पीकर घेतला त्याला गाडी निघताच जाणवतं की आवाज पडला, आणि मग हात जातो मशीनच्या व्हॉल्यूमकडे.

उरलेली वीज जाते कुठे, तेही पाहायला हवं, कारण स्पीकर जळण्याचं कारण तिथे आहे. ९४ डेसिबलचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी साधारण दीड टक्क्याचा आवाज करतो आणि १०० डेसिबलचा सहा टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होते. वरच्या हिशेबात पहिल्या स्पीकरच्या कॉइलला सुमारे ४९० वॉटची उष्णता सोसायची आहे, दुसऱ्याच्या कॉइलला ९४ वॉटची. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल १८० अंशांनी तापली तर रोध साधारण ७० टक्क्यांनी वाढतो, स्पीकर त्या प्रमाणात कमी वीज घेतो आणि आवाज दोन-अडीच डेसिबलने उतरतो. तासाभराच्या वाजवण्यानंतर पेटी ‘दमल्यासारखी’ वाटते ती यामुळे. मराठवाड्यातल्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाला दोष देण्याची आपल्याला सवय आहे, पण दोनशे अंशांच्या घरात गेलेल्या कॉइलला बाहेरचे दहा-पंधरा अंश फारसे जाणवत नाहीत. तिला मारते ती तिच्याच अंगातून वाहणारी वीज.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी माणसांचाच असतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणतात, जास्त वॉटचा स्पीकर निदान टिकतो तरी, १०० वॉटचा एका वरातीत जातो. यात तथ्य आहे. वॉटचा प्रामाणिक आकडा कॉइल किती उष्णता सोसेल हे सांगतो, आणि कॉइल जाड, रुंद केली की ती जास्त सोसते. पण जाड कॉइल म्हणजे जड कॉइल, तिला पेलायला जाड कागद आणि ताठ बैठक. १२ इंची गिटार स्पीकरचा हलणारा सगळा भाग, म्हणजे कागद, कॉइल आणि मधली टोपी धरून, साधारण २५ ते ३५ ग्रॅमचा असतो. सबवूफरचा शंभर ग्रॅमच्या पुढे जातो. तेवढं वजन सेकंदाला तीन हजार वेळा पुढे-मागे हलवायचं तर वरचे स्वर दबणारच. टिकाऊपणा मिळतो तो संवेदनशीलता आणि तिखटपणा देऊन. मग कमी पडलेला आवाज भरून काढायला मशीन पूर्ण फिरवलं जातं, आणि मशीन आपल्या ताकदीबाहेर गेलं की लहरींची टोकं कापली जातात.

इथे एक समज पक्का बसलेला आहे की लहान मशीन मोठा स्पीकर जाळू शकत नाही. जाळू शकतं. गोलसर लहरीची टोकं कापत कापत ती चौकोनी झाली तर तितक्याच उंचीत तिच्यात दुप्पट वीज असते. १०० वॉटचं मशीन पूर्ण कापलेल्या लहरी देताना २०० वॉटच्या घरात पोचतं. शिवाय कापलेल्या लहरीत वरचे स्वर वाढतात. पेटीत भोंग्याचं छोटं युनिट असेल तर आधी ते जातं. म्हणून टिकाऊपणा हवा असेल तर एका जड स्पीकरपेक्षा दोन हलके, संवेदनशील स्पीकर घेऊन वीज वाटून द्यावी. गिटारच्या जगाने हेच केलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल यांनी आपल्या ॲम्प्लिफायरसाठी पेटी बनवली, तेव्हा त्या काळचे १२ इंची स्पीकर १५-२० वॉटच्या पलीकडे पेलत नव्हते आणि दोन स्पीकरची पेटी टिकेना. त्यांनी एका पेटीत चार बसवले. रॉक संगीताच्या मंचावर मागे रचलेल्या ज्या पेट्या दिसतात त्यांचा जन्म या साध्या हिशेबातून झाला. दोन सारखे स्पीकर एकाच दिशेने मिळून हलले की हवेवरची त्यांची पकडही वाढते, हा वरचा फायदा.

वॉटच्या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट थोडक्यात. तो कुठला वॉट आहे हेच पुष्कळदा सांगितलेलं नसतं. सलग पेलण्याचा, त्याच्या दुप्पट धरला जाणारा ‘प्रोग्रॅम’ आणि चौपट धरला जाणारा ‘पीक’, असे तीन आकडे एकाच स्पीकरला लावता येतात. त्यापलीकडचा पीएमपीओ नावाचा आकडा तर कुठल्याही मोजमापाला बांधलेला नाही. मोठ्या अक्षरांत छापलेला १,००० वॉट प्रत्यक्षात अडीचशेचा असू शकतो. तुलना करायची तर सलग पेलण्याच्या आकड्यांचीच करावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गिटारवाला आपल्या पेटीतून फक्त गिटार वाजवतो. बेंजो पार्टीच्या पेटीतून बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गाणाऱ्याचा माईक असं सगळं एकत्र जातं. तिथे गिटारचा नाजूक स्पीकर कसा टिकेल? उत्तर असं की टिकणार नाही, आणि तो घालूही नये. तोच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर कागदाला चौपट अंतर हलावं लागतं. १६० हर्ट्झवरून ४० वर यायचं म्हणजे दोन सप्तकं, म्हणजे सोळापट. गिटार स्पीकरची कॉइल सरळ रेषेत एखादा मिलीमीटर हलण्यासाठी केलेली असते. ऑक्टोपॅडवरचा एक जोरदार ढोल तिला तिच्या जागेतून बाहेर फेकायला पुरेसा आहे. पण यावरून ‘म्हणून सगळ्यांसाठी बासचा स्पीकर’ असा निष्कर्ष निघत नाही, आणि चूक नेमकी इथे होते. ढोल वाचवण्यासाठी बेंजो मारला जातो.

वाट मधली आहे. पेटी एकट्या बेंजोची असेल तर गिटारच्या घडणीचा १२ इंची स्पीकर: पातळ कागद, काठालाही कागदाच्याच वळ्या, ९७ डेसिबलच्या वर संवेदनशीलता. पेटी सगळ्यांची असेल तर जाहीर कार्यक्रमांसाठी बनवलेला, कापडी काठाचा १२ इंची स्पीकर. त्यांचे हलके प्रकारही ९७ ते १०० डेसिबलच्या दरम्यान मिळतात, कॉइल काही मिलीमीटर सुरक्षित हलते, आणि वरच्या स्वरांसाठी भोंग्याची जोड देता येते. त्यातही ऑक्टोपॅड वेगळ्या बास पेटीवर नेता आला तर सगळ्यात उत्तम. ते जमत नसेल तर मिक्सरवर बेंजोच्या वाटेतले खालचे स्वर कापून टाकावेत. बेंजोचं काही जात नाही, आणि पट्ट्यांच्या धक्क्याने, हाताच्या आघाताने उठणारी धडधड कागदापर्यंत पोचत नाही. रबरी किंवा फोमच्या जाड काठाचा स्पीकर मात्र दोन्ही ठिकाणी टाळावा. तो घरातल्या किंवा गाडीतल्या बंद जागेसाठी असतो.

भोंग्याबद्दल मतभेद होऊ शकतो. बेंजो थेट भोंग्यातून काढला तर लांबवर जातो हे खरं. पण पिकअपमधून येणारा पोलादी तारांचा आवाज मुळात करकरीत असतो, पट्ट्यांची टकटकही त्यात मिसळते, आणि मशीन ताकदीबाहेर गेलं की कापलेल्या लहरींचा किरकिराट सगळ्यात वर येतो. पाच हजारांच्या पुढचं गाळणारा कागदी स्पीकर हे सगळं आपोआप दाबतो. माझ्या मते बेंजोसाठी भोंगा चव लावण्यापुरता असावा, गायकासाठी हवा तेवढा. आवाज फाटलेलाच आवडतो असं कुणी म्हणेल, आणि त्यालाही इतिहास आहे. किंक्स या रॉक बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ च्या सुमारास छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरून आपला प्रसिद्ध आवाज मिळवला होता. पण तो बंद स्टुडिओत, माईकपुढे ठेवलेला स्पीकर होता. चार तास रस्त्यावर वाजणाऱ्या पेटीत चिरलेला कागद संध्याकाळपर्यंत सुटा होतो.

स्पीकर पेटीत बसतो, हवेत नाही, हेही विसरून चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की स्पीकरचे काही मूळ गुण मोजले तर तो किती मोठ्या पेटीत कसा वाजेल हे आधीच सांगता येतं. त्याचा उलटा अर्थ आपल्या कामाचा आहे. समोर भोक ठेवलेली पेटी विशिष्ट स्पीकरसाठी जुळवलेली असते. तीत भलताच स्पीकर घातला तर एकाच स्वरावर घुमते किंवा कागद सैल फडफडतो. पूर्ण बंद किंवा मागून उघडी पेटी जास्त क्षमाशील असते, आणि तारवाद्यांच्या पेट्या बहुधा याच दोन जातींच्या असतात ते उगीच नाही. पेटी भोकाची असेल आणि मूळ स्पीकरची माहिती मिळत नसेल, तर त्याच कंपनीचा तोच नमुना शोधण्यात एक दिवस घालवणं नवे प्रयोग करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आकाराबद्दलही एक गैरसमज आहे. १५ इंची म्हणजे १२ इंचीपेक्षा चांगला, असा. ३,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेअकरा सेंटिमीटर असते आणि १२ इंची स्पीकरचा हलणारा कागद त्याच्या दुपटीहून रुंद. लहरीपेक्षा कागद जितका रुंद, तितका आवाजाचा झोत अरुंद. १२ इंचीतूनच वरचे स्वर समोरच्या पट्ट्यात एकवटतात, १५ इंचीत ते आणखी अरुंद होतात: गाडीच्या थेट मागे चालणाऱ्याच्या कानात खिळा, आणि ओट्यावर उभ्या असलेल्याला नुसती गुणगुण. दोन स्पीकर असतील तर तेही याच कारणाने शेजारी-शेजारी न बसवता एकावर एक बसवावेत. मग झोत उभ्या दिशेने अरुंद होतो, आडवा पसरलेला राहतो. गावातल्या गल्लीत माणसं आडवी पसरलेली असतात.

नवा घ्यायचा की जुन्यालाच नवा कागद-कॉइल लावून घ्यायची, हा खर्चाचा प्रश्न आहे. मॅग्नेट आणि सांगाडा सहसा वर्षानुवर्षं टिकतात. कोबाल्ट महागल्यावर १९७० च्या दशकाच्या शेवटी अल्निकोच्या जागी सर्रास आलेला फेराइट मॅग्नेट साध्या वापरात आपली ताकद फारशी सोडत नाही. म्हणून दुरुस्ती तत्त्वतः योग्यच. पण कागद म्हणजेच स्पीकरचा आवाज. मूळ वजनाचा, मूळ खोलीचा कागद आणि तितक्याच वेढ्यांची कॉइल मिळाली तर जुना सूर परत येतो. दुकानात असेल तो जाड कागद चिकटवला तर स्पीकर जिवंत होतो, पण वेगळा होतो. जोडीतला एकच दुरुस्त केला तर दोघांचं जुळत नाही. दुरुस्ती करणारा कारागीर कॉइल मधोमध बसवतो का, आतली फट धुळीपासून साफ करतो का, यावर निम्मं अवलंबून आहे. पेटी पावसाळाभर पडून असते तेव्हा कागद दमट हवा शोषतो आणि फटीत धूळ बसते. मागचं तोंड कापडाने बंद करून, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवलेली पेटी पुढच्या सराईत कमी त्रास देते.

उरला तो सर्वांत व्यवहारी आक्षेप: हे आकडे माहितीपत्रक असलेल्या स्पीकरचे, आमच्या बाजारात बिनछापाचाच माल जास्त, त्याची संवेदनशीलता कोण सांगणार? सांगायला कुणी नको, दुकानातच ती कळते. एकाच मशीनला, व्हॉल्यूमला हात न लावता, आधी एक आणि मग दुसरा स्पीकर जोडावा आणि तेच वाद्य वाजवावं. जो मोठा ऐकू येईल तो जास्त संवेदनशील. अट एकच, दोघांचे ओहम सारखे हवेत, कारण ४ ओहमचा स्पीकर त्याच मशीनकडून ८ ओहमपेक्षा जास्त वीज ओढतो आणि खोटा मोठा वाटतो. सूर तपासताना मात्र उलट करायचं. मोठ्या आवाजाचा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो, म्हणून दोघांचा आवाज सारखा करून मग ऐकावं. आणि शक्य तर स्वतःचा बेंजो न्यावा. दुकानदाराने मोबाइलवरून लावलेल्या गाण्यात बासच ऐकू येतो, आणि आपल्याला नको असलेला गुण मनात भरतो.

ओहमच्या बाबतीत तडजोड नाही. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मल्टिमीटरवर साधारण ६ ते ७ ओहम दाखवते, त्यामुळे छाप पुसलेला असला तरी ओळखता येतो. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात, एकामागे एक जोडले की १६. ट्रान्झिस्टरच्या मशीनला त्याने सांगितलेल्यापेक्षा कमी ओहम दिले तर ते तापून जातं. जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनला स्पीकर न जोडता चालू करणं त्याहून घातक, तिथे ट्रान्सफॉर्मरच जाऊ शकतो. नवा स्पीकर बसवल्यावर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लावलं तर कागद पुढे यायला हवा. पेटीतल्या दोघांपैकी एक पुढे आणि एक मागे जात असेल, तर दोन्ही चांगले असूनही खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात.

शेवटचा आक्षेप वाजवणाऱ्यांचा नाही, ऐकावं लागणाऱ्यांचा आहे. इतकं संवेदनशीलतेचं कौतुक केलं तर रस्त्यावरचा गोंगाट वाढणार नाही का? ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक वापरताना त्या जागेच्या सीमेवर आवाज नेहमीच्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या मर्यादा ठामपणे उचलून धरल्या. आता संवेदनशीलतेचा आकडा घ्या. १०० डेसिबलचा स्पीकर फक्त १ वॉटवर १० मीटर अंतरावर मोकळ्या जागेत सुमारे ८० डेसिबल देतो. म्हणजे कायद्यात बसणारा कार्यक्रम करायला हजारो वॉट लागतच नाहीत, आणि वॉटची शर्यत वाद्यासाठी चाललेली नाही. स्पीकर चांगला निवडला की मशीन अर्ध्यावर ठेवूनही गत स्वच्छ ऐकू येते. वाईट निवडला की तीच गत ऐकू यावी म्हणून सगळंच वाढवावं लागतं. याचा सगळ्यात जवळचा फायदा पार्टीतल्या पोरांना आहे. कानाच्या सुरक्षिततेसाठी सर्वसाधारणपणे धरतात तो हिशेब ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. पेटीपासून हातभर अंतरावर चालत तासन्‌तास बेंजो वाजवणाऱ्याच्या कानांचा विचार दुकानातल्या कुठल्याच आकड्यात नसतो. तो करायचा असेल तर पेटी त्याच्या डोक्याच्या वर, झोत त्याच्या पुढून निघेल अशी बसवावी आणि कानात बोळे घालायची सवय लावावी. ते स्वस्तात मिळतात आणि त्यांच्यातून बेंजो नीट ऐकू येतो.